खिडकीतला फौजदार

"त्याला सांग, फौजदार आलाय."

माझे हात कणकेत होते. सासूबाई जेवणघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि त्याच खिडकीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा हृषीकेश, स्टँडवरच्या कॅमेऱ्याला डोळा चिकटवून बसला होता. दोघांमध्ये फार तर हातभर अंतर. पण निरोप माझ्यामार्फत.

"हृषी, आई म्हणतायत फौजदार आलाय."

"कुठाय?"

"आई, तो विचारतोय कुठाय."

"त्याला सांग, डावीकडच्या वाळक्या फांदीवर. मान वळवतोय बघ. आत्ता!"

"हृषी, डावीकडच्या वाळक्या..."

कॅमेरा खटखटखट वाजला. हृषीनं डोळा बाजूला घेतला, मागच्या पडद्यावर काय आलंय ते पाहिलं आणि एक लांब उसासा टाकला. वाळकी फांदी आली होती. नुसतीच.

"गळा पेटला होता," सासूबाई मला म्हणाल्या. "अगदी डाळिंबासारखा. त्याला सांग, हुकला."

"ऐकलं मी," हृषी कॅमेऱ्याला म्हणाला.

आता हा फौजदार म्हणजे हमिंगबर्ड. अंगठ्याएवढा पक्षी. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या आमच्या त्या गावात बाकीचे हमिंगबर्ड थंडी पडायच्या आत दक्षिणेला पळ काढतात, पण एक जात अशी हट्टी आहे की बर्फ पडलं तरी जागा सोडत नाही. हृषीनं परसातल्या चेरीच्या झाडाला साखरपाण्याची बाटली टांगली आणि पहिल्याच आठवड्यात या नरानं तिचा ताबा घेतला. दोन घोट प्यायचे आणि उरलेला दिवस वाळक्या फांदीवर बसून पहारा करायचा. दुसरा कुणी हमिंगबर्ड फिरकला की हा सुटलाच त्याच्या अंगावर. मिक्सर शेजारच्या खोलीत चालू असावा तसा पंखांचा आवाज, आणि तोंडानं अखंड चिरचिर.

"फौजदार आहे मेला," सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, आणि ते नाव चिकटलं. "तुझे सासरेही असेच. पाटबंधाऱ्यात होते, तर कालव्याचं पाणी जसं काही यांच्या तीर्थरूपांनी आणलं होतं."

त्याचा गळा एरवी काळपट, मळका दिसे. पण मान एका ठरावीक बाजूला वळली आणि तेवढ्यात उजेड मिळाला की सगळा गळा डाळिंबी रंगानं पेटायचा, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुन्हा काळा. हृषीला तो पेटलेला गळा फोटोत हवा होता. सासूबाईंना तो नुसत्या डोळ्यांनी रोज दिसायचा. कॅमेरा नाही, काही नाही, मान वळायच्या आधी त्यांना समजायचं. फक्त ते हृषीला सांगायचं तर त्यांच्या तोंडून माझ्या कानात, माझ्या तोंडून त्याच्या कानात. तोवर फौजदार कसला थांबतोय!

नाना, म्हणजे माझे सासरे, ऑक्टोबरात गेले. घर सांगलीत, पण शेवटचे दिवस मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात काढले. हृषी विमानात होता, पोचला तो दुसऱ्या दिवशी. अग्नी दिला, दिवस केले आणि हवापालट म्हणून आईला सोबत घेऊन आला. त्या काही न बोलता आल्या. काही न बोलता हे मी उगाच म्हणत नाही. नाना गेले त्या दिवसापासून त्या मुलाशी थेट एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

रागावल्या होत्या म्हणावं तर तसंही नाही. आदळआपट नाही, टोमणा नाही. त्याच्या आवडीची भरली वांगी करून वाढायच्या, डबा भरायच्या, शर्टाचं बटण तुटलं की लावून ठेवायच्या. फक्त बोलायच्या नाहीत. "चारू, त्याला सांग भात गार होतोय." "चारू, आईला विचार गोळी घेतली का." "त्याला सांग, घेतली." एकदा मी कंटाळून मुकाट्यानं जेवत राहिले, तर दोघंही आपापल्या ताटात बघत बसली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "चारू, मीठ." मिठाची वाटी हृषीच्या पुढ्यात होती.

मला हसूही यायचं आणि डोकंही फिरायचं. तिघांच्या घरात मी पोस्टमन झाले होते.

आणि आता बुधवारी त्यांचं परतीचं विमान होतं. इथे निदान मधे मी तरी होते. सांगलीच्या घरात त्या एकट्या, आणि हा इथे. फोनवर निरोप कोण पोचवणार? बोलणं असंच तुटलेलं ठेवून त्या एकदा गेल्या, तर पुन्हा जुळायचं नाही हे मला दिसत होतं. हृषीलाही दिसत होतं. त्यामुळेच तो दिवसभर त्या खिडकीशी बसायचा. फोटोचं निमित्त. मांडीवरचा पाय असा हलत असे की स्टँडसुद्धा थरथरायचा, मग फोटो काय कपाळ येणार!

"तू विचार ना सरळ," मी त्याला खोलीत गाठून म्हटलं.

"काय विचारू? मला माहितेय. मी वेळेवर पोचलो नाही."

"विमानाला तू काय करणार होतास?"

"ते तिला पटवून काय मिळणार आहे?" तो म्हणाला आणि कपाट उघडून आत काहीतरी शोधायला लागला. काहीही शोधत नव्हता. मोजे काढले, पुन्हा ठेवले.

सासूबाईंनाही मी विचारून पाहिलं. त्या गॅसपाशी साखरपाणी करत होत्या. ते काम त्यांनी पहिल्यापासून आपल्याकडे घेतलं होतं. पहिल्या दिवशी तर त्यांनी चांगला एकतारी पाक केला, वर वेलची घातली. हृषीनं वास घेतला आणि मला म्हणाला, "आईला सांग, पक्ष्याला गुलाबजाम नाही करायचेत." त्यावर, "त्याला सांग, सांगितल्याशिवाय माणसाला कसं समजेल," असं उत्तर गेलं. तेव्हापासून पातळ, साधं, एकाला चार असं पाणी.

"आई," मी म्हटलं, "तो वेळेवर येऊ शकला नाही, त्यात त्याचा काय दोष?"

"येऊ शकला नाही म्हणून कोण काय म्हणतंय?"

"मग?"

त्यांनी पातेलं उचलून उजेडात धरलं. "साखर विरघळली बघ," म्हणाल्या.

म्हणजे कारण ते नव्हतंच. दुसरं काय असेल ते मात्र मला काही केल्या कळेना. बरं, कुणाला विचारणार? एक जण चुकीचं कारण धरून बसलेला, आणि दुसरीला कारण सांगायचं नव्हतं.

शनिवारपासून थंडी वाढली. आमच्याकडे एरवी नुसता पाऊस असतो, पण त्या आठवड्यात उत्तरेकडून असं काही वारं सुटलं की परसातली माती दगडासारखी झाली. बाटलीतलं साखरपाणी गोठायला लागलं. फौजदार यायचा, लाल बुडाच्या भोकात चोच घालायचा आणि रागानं मागे व्हायचा. सासूबाई कासावीस.

"त्याला सांग, दुसरी बाटली आण. एक आत गरम, एक बाहेर. तासातासाला बदलायची."

हृषी लगेच निघाला. चिडचिड नाही, का म्हणून विचारणं नाही. आईनं काही मागितलं याचाच त्याला इतका आनंद की निसरड्या रस्त्यावरून गाडी घेऊन गेला आणि बाटली घेऊन आला. मग दोन दिवस त्या दोघांचं तेच चाललं. त्या आत बाटली गरम करायच्या, टेबलावर ठेवायच्या. तो ती उचलायचा, बाहेर टांगायचा, गोठलेली आणून टेबलावर ठेवायचा. त्या ती उचलायच्या. हातातून हातात द्यायचं नाही, सगळं टेबलामार्फत. संध्याकाळी अंधार पडताना बाटली आत घ्यायची, उजाडताना बाहेर. मधल्या वेळात दोघंही खिडकीपासून पुढच्या दाराशी, दारापासून पुन्हा खिडकीशी, अशा नुसत्या येरझाऱ्या. एकाच जागी बसायला जणू कुणी मनाई केली होती. मीच म्हणायची, अरे, बसा कुणीतरी!

सोमवारी दुपारी गोठता पाऊस आला. म्हणजे पडतो पाण्यासारखा आणि जिथे पडेल तिथे बर्फ होतो. झाडं, तारा, गाड्या, सगळ्यांवर काचेचा थर चढला. फांद्या मोडल्याचे आवाज यायला लागले. मग वीज गेली. हीटर बंद, गॅसही विजेच्या ठिणगीवर चालणारा, तोही बंद. काडी लावून पेटवायचा म्हटलं तर घरात काडेपेटी एक, ती ओली. तिच्यातली शेवटी एकच काडी पेटली, तिनं बाहेरच्या खोलीतली लाकडाची शेकोटी पेटवली. गाद्या, रजया, सगळं ओढत तिच्यापुढे आणलं. त्या धांदलीत बाटली बाहेरच राहिली. आम्हा तिघांपैकी कुणालाच तिची आठवण झाली नाही. एकमेकांची थंडी मोजण्यातच रात्र गेली. "आईला विचार, पाय गार पडलेत का." "त्याला सांग, स्वतःच्या कानाला काहीतरी बांध."

मंगळवारी उजाडलं तेव्हा लाकडं संपत आली होती. हृषी दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या त्याच्या मित्राकडून लाकडं आणायला चालत निघाला. फोनची बॅटरी गेलेली, त्यामुळे बुधवारचं विमान उडणार की नाही हेही कळायला मार्ग नव्हता. तो बाहेर पडला आणि सासूबाईंना बाटली आठवली.

"अगं बाई! बाटली!"

नऊवारी नव्हे हं, साधी पाचवारी, पण तिच्यावर हृषीचा जाड कोट, पायात माझे बूट आणि डोक्याला मफलर, अशा त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. मी रजई आवरत होते.

"चारू! चारू, इकडे ये."

आवाज असा होता की मी चप्पल न घालताच धावले.

बाटलीच्या लाल बुडाच्या काठाला फौजदार लटकत होता. उलटा. एका पायाच्या नखांनी काठ धरलेला, डोकं खाली, चोच जमिनीकडे, डोळे मिटलेले. पंख अंगाशी घट्ट. पिसांच्या टोकांवर बारीक पांढरं दव साठलेलं. हलेना, डुलेना.

"गेला का हो?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ त्याच्या खाली धरली आणि करंगळीनं त्याचा पाय हळूच सोडवला. तो त्यांच्या हातात पडला. जायफळसुद्धा त्याच्याहून जड असेल.

"आत चल," त्या म्हणाल्या. "बाहेर नको. थंडीत नको."

शेकोटीत निखारे तेवढे उरले होते. त्या तिच्यापुढे मांडी घालून बसल्या, पक्षी पदराखाली ओंजळीत.  मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या मोठ्या बॅगेत, अगदी तळाला, नानांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून काहीतरी ठेवलंय. ते आण. आणि देवाजवळची फुलवात आण एक."

स्वेटर उलगडला तर आत गंगेचा गडू. तांब्याचा, मुठीत मावेल एवढा, तोंड डाक देऊन बंद केलेलं. आपल्याकडे घराघरात असतो, देवघराच्या कोपऱ्यात, वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. काशीहून कुणीतरी कधीतरी आणलेला असतो, आणि घरातलं माणूस शेवटच्या घटकेला आलं की तो फोडून त्यातलं पाणी त्याच्या तोंडात घालायचं. हा नानांच्या आईनं आणलेला होता. सांगलीच्या देवघरात मी तो लग्न होऊन गेले तेव्हापासून पाहत आले होते.

"आई, तुम्ही हा इथे आणलात?"

"फोड तो."

मी हृषीचा स्क्रूड्रायव्हर आणला. जोड जुना होता, पण निघायला वेळ लागला. आतलं पाणी स्वच्छ निघालं. तुळस विचारायची त्यांची हिंमत झाली नाही बहुतेक, माझ्या कुंडीतली नोव्हेंबरातच वाळून गेली होती.

"त्या दिवशी हा माझ्या पिशवीत होता," त्या एकदम म्हणाल्या. "काचेच्या दाराबाहेर बसले होते. डॉक्टर म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही. मी म्हटलं, मग मला आत जाऊ द्या, दोन थेंब तोंडात घालते. ते म्हणाले, नळी आहे, तोंडानं काही द्यायचं नाही. तिथे एक नर्स होती, तुझ्याहूनही लहान. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, आजी, नुसते ओठ ओले करा, कुणाचं काय जातंय. पण मुलाला विचारा, कागदांवर सगळीकडे त्यांचं नाव आहे. मग हृषीला फोन लावला. विमानतळावर होता तो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, अजिबात नाही. नाना अजून आहेत, आणि तू आत्ताच त्यांना पोचवायला निघालीस? काही करायचं नाही, मी येतोय." त्यांनी एका हातानं फुलवात पाण्यात बुडवली, पिळली, पुन्हा बुडवली. "मी म्हटलं, अरे, असतानाच द्यायचं असतं. गेल्यावर देऊन काय? पण फोन ठेवला होता त्यानं. सगळा जन्म ज्यांच्याबरोबर काढला, त्यांच्या ओठाला पाणी लावायला मला परवानगी मागावी लागली चारू. आणि ती मिळाली नाही. गेले तसेच. ओठांना भेगा पडल्या होत्या गं."

 मीही तेव्हा त्याला सोडायला विमानतळावर गेले होते, हृषीच्या शेजारीच उभी होते. "नाना अजून आहेत" एवढं मी ऐकलं होतं आणि मला ते धीराचं बोलणं वाटलं होतं.

"मग इथे का आणला?" मी कसंबसं विचारलं.

"तिथे कुणासाठी ठेवू? आता तो माझ्यासाठीच आहे. म्हटलं, घेऊन जाऊ आणि याला विचारू, माझ्या वेळी तरी देशील का बाबा? रोज ठरवते. पण असलं काही माणूस स्वतःच्या मुलाला तोंडानं विचारू शकतं का? आणि नाही म्हणाला तर?" त्यांचा आवाज फाटला. "म्हणून बोलतच नाही. बोलले की हेच तोंडातून निघेल."

त्या वातीचं टोक फौजदाराच्या चोचीकडे नेत होत्या, तेवढ्यात पुढचं दार उघडलं. हृषी लाकडं छातीशी धरून आत आला, बूट बर्फानं माखलेले, नाक लाल. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या ओंजळीकडे.

"आई, थांब!" तो ओरडलाच. "काही करू नकोस. तो अजून आहे. जिवंत आहे तो, थंडीत हे असे..."

आणि तिथेच थांबला.

त्याला काय सांगायचं होतं ते त्यानं मला पुढे सांगितलं. हे पक्षी कडाक्याच्या थंडीत रात्री जवळजवळ मरतातच. अंग गार करतात, छातीची धडधड नसल्यासारखी करतात, आणि ऊब मिळाली की पुन्हा जागे होतात. त्यानं ते वाचलेलं होतं. आम्हा दोघींना त्याची कल्पना नव्हती. पण त्या क्षणी त्यानं यातलं काहीच सांगितलं नाही.  हेच शब्द त्यानं आधी कुठे म्हटले होते ते त्याला आठवलं होतं, आणि उघडा पडलेला गडू त्याच्या समोर होता.

"त्याला सांग," सासूबाई म्हणाल्या, "अजून आहे हे मलाही दिसतंय. असतानाच द्यायचं असतं."

मी काही सांगितलं नाही. हृषीनं लाकडं खाली ठेवली, ठेवली कसली, ती सुटलीच त्याच्या हातातून. एक लाकूड गडगडत माझ्या पायाशी आलं. तो तसाच बुटांसकट येऊन आईसमोर गुडघ्यांवर बसला. मला म्हणाला, "चारू, आईला विचार, मी देऊ का."

"तू विचार," मी म्हटलं. माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. "मी आता कुणाचं काही कुणाला सांगणार नाही. बास झालं."

निखारे तडतडत होते. सासूबाई पक्ष्याकडे बघत होत्या. हृषीच्या बुटांखाली पाण्याचं थारोळं होत चाललं होतं. 

"आई," तो शेवटी म्हणाला, "मी देऊ?"

त्यांनी वात त्याच्यापुढे धरली.

पहिला थेंब त्यांच्या मनगटावर पडला. दुसरा चोचीच्या बुडाशी पडून पिसांवरून घरंगळला. तिसऱ्या वेळी त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि वात चोचीला टेकवली.

"मी तिथे नव्हतो, आई," तो म्हणाला. नाक वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. "मी इथे बसून काय बघणार होतो? मला वाटलं, तू पाणी घातलंस की संपलं. नाही घातलंस तर मी पोचेपर्यंत ते थांबतील. वेड्यासारखं वाटत होतं मला. आजही तसंच वाटतं."

 सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हनुवटीवरून पदरावर पडत होतं. हृषी वात बुडवत होता, टेकवत होता. मी खाली बसून लाकडं शेकोटीत सरकवली, काहीतरी करायचं म्हणून.

मग त्यांची ओंजळ थरथरायला लागली. मला वाटलं, त्यांचाच हात. पण त्या म्हणाल्या, "अगं, हा!"

फौजदार कापत होता. आधी नुसती पिसं, मग सगळं अंग, थंडी वाजून आलेल्या माणसासारखं. डोळा उघडला. मण्याएवढा काळा डोळा. त्यानं आमच्या तिघांकडे पाहिलं, आणि त्याला ती मंडळी मुळीच पसंत पडली नसावी. एकदम तो मिक्सरचा आवाज सुरू झाला आणि तो ओंजळीतून उठून सरळ माझ्या कपाळावरून गेला.

मग काय विचारता! पडद्यावर आपटला, दिव्याभोवती फिरला, कपाटावरच्या नानांच्या फोटोपुढे क्षणभर हवेत उभा राहिला. "दार! दार उघड!" असं ओरडत मी मागचं दार उघडायला धावले, हृषी स्वेटर हातात घेऊन त्याच्या मागे, आणि सासूबाई बसल्या जागेवरून, "अरे, हळू! त्याला लागेल! अरे, तसं नाही!" शेवटी त्यालाच दाराचा उजेड दिसला आणि तो सुटला, थेट चेरीच्या वाळक्या फांदीवर. तिथे बसून त्यानं अंग फुलवलं आणि आमच्या घराला चिरचिर करत शिव्या द्यायला सुरुवात केली.

बाटली बाहेर गोठलेली होती. दुसरी आत शेकोटीजवळ राहिली होती, ती सुदैवानं पाणीच होती. हृषीनं ती उचलली आणि तसाच बाहेर धावला. ती टांगेपर्यंतचाही धीर फौजदाराला नव्हता. हृषीच्या हातात बाटली असतानाच तो येऊन लाल बुडाशी हवेत थांबला आणि प्यायला लागला. एवढा वेळ पीत होता की हृषीचा उंच धरलेला हात भरून आला असेल, पण त्यानं तो तसूभरही हलवला नाही. आम्ही दोघी काचेतून बघत होतो. सासूबाई माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या.

तो आत आला तेव्हा त्या पुन्हा शेकोटीपुढे जाऊन बसल्या होत्या. गडूचं उघडं तोंड त्यांनी एका कापडाच्या चिंधीनं बांधून टाकलं होतं आणि दोरा दातानं तोडत होत्या.

"बूट काढ आधी," त्या म्हणाल्या. "घरभर तळं केलंस."

त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नव्हते. तो दारातच खाली बसला आणि लेस सोडायला लागला. गोठलेल्या लेसची गाठ सुटेना.

"पाणी दिल्यानं कुणी मरत नाही, हृषी," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. वर बघितलं नाही.

"आणि माझ्या वेळी कुणाला फोन लावत बसू नकोस."

"नाही लावणार," तो म्हणाला.